बाटली खाली धरा

मला पत्रकं लिहिता येतात. वर मथळा, त्याखाली कोण चुकलं ते, मग मागण्या आणि शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन'. आमच्या गावच्या तरुण मंडळाची रस्त्याची, पाण्याची, दवाखान्यात छातीचा डॉक्टर मागणारी, सगळी पत्रकं कॉलेजात असल्यापासून मीच लिहीत आले. पण ज्यांनी माझ्या दादाचं फुफ्फुस वाचवलं त्यांच्याबद्दल लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. 'आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत' असं लिहिलं की ते पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकासारखं दिसतं. म्हणून पत्रक सोडलं. जसं घडलं तसं सांगते.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या अलीकडे. दादा रोज सकाळी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन अडकवून मालेगावला जातो. त्या सकाळी वळणावर तुरीच्या वावरातून रोही निघाला. रोही म्हणजे नीलगाय. नाव गाईचं, अंग घोड्याचं आणि अक्कल कुणाचीच नाही. गाडी त्याच्या मागच्या अंगावर आदळली आणि हँडल दादाच्या छातीत बसलं. रोही निघून गेला. दादा पडला, उठला, गाडी स्वतःच सरळ केली आणि परत घरी आला. रोह्यांच्या बंदोबस्तासाठी आम्ही किती पत्रकं काढली ते इथं लिहीत नाही. तो राग वेगळा आहे आणि अजून शाबूत आहे.

"कुठी लागलं?" आईनं विचारलं.

"काई नाई वं माय. मुका मार हाय. दूध सांडलं सारं."

रक्त नाही, हाड मोडलेलं नाही. आमच्याकडे अशा माराला दवाखाना नसतो, आंबेहळद आणि चुना असतो. आईनं दोन्ही कालवून तव्यावर गरम केलं, दादाच्या छातीला थापलं आणि जुन्या लुगड्याची पट्टी फाडून वरून कचकच आवळून बांधलं. घट्ट बांधलं की बरगडी हलत नाही आणि दुखत नाही, ही आमची पिढ्यान् पिढ्यांची समजूत. दुखलं नाही हे खरं. पण दादाचा श्वास आखूड व्हायला लागला. मग गळा सुजायला लागला. मग आवाज बदलला, नाकातून बोलल्यासारखा, बारीक.

"पोट्टीवानी बोलून राह्यला तू," मी म्हटलं. तो हसला आणि हसता हसता धापा टाकू लागला.

शेजारच्या काकीनं निदान केलं. "चुना जास्त झाला वं. अंगावर उठला." सगळ्यांना ते पटलं, कारण चुना अंगावर उठताना सगळ्यांनी पाहिलेला. मग लेप धुऊन काढायला गार पाणी आलं, खोबऱ्याचं तेल आलं. सूज मात्र गळ्यावरून गालावर चढत राहिली. तेल लावताना आईची बोटं थांबली. "कातडीखाली कुरकुर वाजून राह्यलं," ती म्हणाली. त्यानंतर कुणी चुन्याचं नाव काढलं नाही. सदरा तेलकट होऊ नये म्हणून आईनं पट्टी पुन्हा बांधली. मामाला फोन केला. मामा म्हणजे आईचा भाऊ, शेजारच्या गावचा, संत्र्याचा बागायतदार. त्याच्याकडे चारचाकी आहे. तो आला आणि आम्ही दादाला घेऊन वाशीमला गेलो.

ज्या दवाखान्यात नेलं त्याचं नाव लिहीत नाही. तिथं ड्युटीवर एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या, माझ्याहून पाचसात वर्षांनी मोठ्या असतील. पत्रक लिहिणाऱ्याची नजर वाईट असते. गेल्या गेल्या मी भिंतीवरचं कॅलेंडर, रिकाम्या खुर्च्या, तुटकं स्ट्रेचर सगळं मनात टिपून ठेवलं. मॅडमनी त्यातलं काहीच पाहिलं नाही. त्यांनी फक्त दादाकडे पाहिलं. कात्री मागितली, लुगड्याची पट्टी उभी कापली, हळद लागलेल्या छातीवर हात ठेवला आणि आईला म्हणाल्या, "बांधल्यानं दुखणं थांबतं, पण श्वासही थांबतो. पुढच्या वेळी कुणाला बांधू नका." एवढंच. रागावल्या नाहीत. आई रागावून घ्यायच्या तयारीनं उभी होती, तिला काय करावं ते कळेना.

मग त्यांनी माझा हात धरून दादाच्या गळ्यावर ठेवला. "काय लागतं हाताला?"

"पापड चुरल्यावानी लागते."

"हवा आहे ती. फुफ्फुसातून फुटून बाहेर आलीय आणि कातडीखाली पसरलीय."

उजव्या बाजूला श्वासाचा आवाजच नव्हता. त्यांनी बरगड्यांच्या मधून एक नळी आत घातली आणि तिचं दुसरं टोक खाली ठेवलेल्या, पाणी भरलेल्या बाटलीत बुडवलं. बाटलीत भराभर बुडबुडे आले. दादाचा निळसर चेहरा आमच्यादेखत पुन्हा माणसाचा झाला. आई खाली बसली. बाटलीला हात जोडायचंच तिनं बाकी ठेवलं होतं.

आता खरी गोष्ट. आम्हाला वाटलं, बरं झालं. गावची माणसं भेटायला येऊ लागली. जो येई तो आधी खाटेखाली वाकून बाटली बघे. "निघून राह्यली नं खराब हवा? निघू द्या, निघू द्या." एक पुढारी आले, बाटलीसकट फोटो काढून गेले. आई दर थोड्या वेळानं वाकून बघायची आणि म्हणायची, "चालू हायेत बुडबुडे." म्हणजे लेक चालू आहे. आम्हा सगळ्यांचा जीव त्या बुडबुड्यांत अडकलेला, आणि मॅडमना तेच बुडबुडे आवडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या बाटलीसमोर उकिडव्या बसल्या. दादाला म्हणाल्या, "खोका." तो खोकला तसे बुडबुडे उसळले. "श्वास घ्या." तरी बुडबुडे. "थांबायला हवे होते हे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. अजून एक नळी घालून त्याच बाटलीला जोडली, तरी तेच. एक्स-रे काढला. तो उजेडावर धरून त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की मला राहवलं नाही.

"मॅडम, काय आहे ते सरळ सांगा. आमाले समजते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं. "फुफ्फुसाला भोक पडलं तर ते आकसतं आणि मधल्या देठाकडे जातं. नळी घातली की पुन्हा फुगतं. तुमच्या भावाचं फुगत नाही. आणि हे बघा, ते देठाकडे गेलेलं नाही. खाली पडलंय. मोडलेल्या फांदीला सालीवर लोंबणाऱ्या फळासारखं. मला शंका आहे की भोक फुफ्फुसाला नाहीच. फुफ्फुसात हवा नेणारी मोठी नळीच तुटलीय."

"मंग?"

"मग मला माहीत नाही. हे मी पुस्तकात वाचलंय, पाहिलं नाही कधी. असा मार लागलेली बहुतेक माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत."

मी आजवर किती कचेऱ्यांत गेले, किती टेबलांपुढं उभी राहिले. 'उद्या या' ऐकलं, 'साहेब नाहीत' ऐकलं, 'वरून आलं नाही' ऐकलं. 'मला माहीत नाही' हे कुणी कधी म्हटलं नव्हतं. आणि म्हणून झाल्यावर त्या बाई तिथंच थांबल्या नाहीत. एक्स-रेचा फोटो मोबाइलवर त्यांनी आपल्या जुन्या शिक्षकांना पाठवला, तिथंच उभं राहून फोन लावला, नागपूरच्या छातीच्या सर्जनपर्यंत माणूस माणसाला जोडत गेल्या. पलीकडून कुणी तरी म्हणालं असावं की एकदोन दिवस वाट बघा, कारण मॅडमचा आवाज चढला. "सर, वाट बघण्यासारखं असतं तर मी फोन केला नसता."

अ‍ॅम्ब्युलन्स ठरली. दादाला उचलताना मामानं काय केलं, तर खालची बाटली उचलून डोक्याइतकी वर धरली. त्याचा काही दोष नाही. आमच्याकडे प्रत्येक माणसानं आयुष्यात कधी ना कधी दवाखान्यात कुणाची तरी सलाईन हातानं वर धरलेली असते. बाटली दिसली की हात वर जातो.

"खाली!" मॅडम ओरडल्या. त्यांचा तेवढाच ओरडा मी ऐकला. "मामा, ही सलाईन नाही. वर धरली तर बाटलीतलं पाणी छातीत जाईल. बाटली खाली धरा. कायम छातीच्या खाली."

मामा चपापला. मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही भांडता चांगलं असं वॉर्डात ऐकलं मी."

"कोणं सांगतलं?"

"सगळ्यांनी. मग एक काम करा. नागपूरपर्यंत या बाटलीसाठी भांडा. ती खाली राहील. आणि नळीला कुणी चिमटा लावायचा नाही, गाठ मारायची नाही, पिळायची नाही. कितीही मोठा माणूस म्हणाला तरी. हवा आत गळतेय. बाहेरची वाट बंद झाली तर ती छातीतच साठेल आणि चांगलं फुफ्फुस आणि हृदय दाबून टाकेल. कळलं?"

कळलं. आजवर मला कुणी इतक्या स्पष्ट मागण्या दिल्या नव्हत्या.

बाटली माझ्या दोन पायांच्या मध्ये, गाडीच्या तळाशी. वाटेत डिझेलसाठी थांबलो तर एक काका दारातून डोकावले. मिलिटरीच्या दवाखान्यात होतो म्हणाले. नळी बघून त्यांचा जीव कळवळला.

"पोरी, हवा चालली सारी. चिमटा लाव, नाहीतर मी लावतो."

"हात लावू नका काका."

"मी तुझ्या बापाच्या वयाचा हाय."

"तर बापाच्या वयाच्या माणसानं दूर उभं राहावं."

ते मामाकडे वळले. "पोट्टी लय तोंडाची हाय तुमची."

"हाय," मामा म्हणाला. "त्याच कामाले बसवली हाय तिले."

दादा डोळे मिटून पडला होता. डोळे न उघडता त्या बारीक आवाजात म्हणाला, "जिंदगीत पयल्यांदा कामी आली."

नागपूरला सर्जन वाट बघत होते. वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी आधी दादाच्या घशातून दुर्बीण घालून पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, की वाशीमच्या मॅडमची शंका खरी आहे. श्वासनळी खाली उलट्या बेचकीसारखी दोन फाट्यांत विभागते. त्यातला उजवा फाटा, बेचकीच्या जवळच, जवळजवळ पूर्ण तुटला होता. एका बाजूला थोडी साल राहिली होती. हँडलचा दणका बसला तेव्हा घसा आतून बंद, छाती दाबली गेलेली, आतल्या हवेला जायला जागा नाही. नळी फाटली. बरगडी मात्र एकही मोडली नव्हती. तरुण माणसाची बरगडी वेळूसारखी लवते, आणि सगळा मार आत जातो.

मामाला हे आमच्या सगळ्यांच्या आधी समजलं. "ठिबकची नळी जॉइनरपासून निसटली, असंच नं? मंग पाणी जाते कुठी, झाडाले जातच नाही."

"अगदी तसंच," सर्जन म्हणाले.

"मंग नवा जॉइनर बसवा."

"जॉइनर मिळत नाही ना याचा. टोकं साफ करून शिवावी लागतात."

"आन शिवण गळली त?"

"तपासतो. शिवून झालं की त्यावर पाणी ओततो आणि आतून हवा देतो. बुडबुडा आला तर पुन्हा टाका."

"पंक्चरवाला करते तसं."

"तसंच. मी शिकलोय मात्र थोडं जास्त वर्षं."

मग त्यांनी हसणं थांबवलं आणि आईकडे बघून बोलले. टोकं शिवण्याजोगी असली तर फुफ्फुस पुन्हा फुगेल. चिरडलेली निघाली तर उजवं फुफ्फुस काढावं लागेल. कुठलं होईल ते आत गेल्यावरच कळेल. "एका फुफ्फुसावर माणूस जगतो. पण वजन उचलणारा माणूस राहत नाही."

दादानं ते ऐकलं होतं. मी जवळ गेले तर म्हणाला, "कॅन कोण उचलन?" त्याला दुसरं काही विचारायचं नव्हतं. त्याच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतंच, गोठा, कॅन आणि रस्ता. मी म्हटलं, "मी उचलीन." तो म्हणाला, "तुले उचलते का थे, बयताड," आणि त्याला आत नेलं.

आत काय झालं ते मी पाहिलं नाही, जे सांगितलं तेवढं सांगते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी श्वासाची नळी फक्त डाव्या फाट्यात नेऊन बसवली. सर्जन उजवी बाजू शिवत होते तोवर माझा भाऊ एका फुफ्फुसावर श्वास घेत होता, आणि तो श्वास दुसऱ्या माणसाच्या हातात होता. त्या डॉक्टरांचा चेहरा आम्ही पाहिला नाही. मास्कवरचे डोळे तेवढे एकदा दारातून जाताना दिसले. आभार मानायचे तर कुणाचे मानायचे, हा प्रश्न मला तिथं पहिल्यांदा पडला. राग करायला एक टेबल पुरतं. आभाराला माणसं संपत नव्हती.

सर्जन बाहेर आले तेव्हा टोपी हातात होती. "शिवलं. टोकं बरी निघाली. फुफ्फुस राहिलं."

मामा भिंतीला टेकला. आईनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता, हे नंतर कळलं. दादाला वॉर्डात आणल्यावर ती सवयीनं खाटेखाली वाकली आणि तशीच गोठली.

"बंद झाले."

"काय?"

"बुडबुडे. अवं सिस्टरले बोलाव, बंद झाले बुडबुडे."

बाटलीतलं पाणी स्वच्छ आणि गप्प होतं. नळीतली पातळी श्वासाबरोबर थोडी वर, थोडी खाली. आई इतक्या दिवसांत बुडबुड्यांनाच लेकाचा श्वास मानून बसलेली. सिस्टर धावत आली, वाकून बघितलं आणि आईच्या पाठीवर हात फिरवला. "मावशी, याचसाठी तर चिरलं त्याले. हवा गळणं बंद झालं. आता थे जिथं जायची तिथं जाऊन राह्यली." आई मग रडली. ज्या दिवसापासून रोही आडवा आला त्या दिवसापासूनचं सगळं एकदम.

पुढचे दिवस खोकण्याचे. शिवलेल्या बाजूला कफ साचू द्यायचा नव्हता, म्हणून छातीशी उशी धरून दादानं खोकायचं. दुखून तो पांढरा पडायचा. फिजिओथेरपीची मुलगी तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र घेऊन यायची. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळे वर जातात. "मले लेकराचं खेळणं देलं," दादा म्हणाला. आधी एक गोळा हलला. मग दुसरा. तिसरा वर गेला त्या दिवशी मामानं वॉर्डातल्या सगळ्यांना पेढे वाटले, ज्यांना खायला बंदी होती त्यांनाही. सिस्टरनं ते परत गोळा केले.

काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. शिवण जुळली होती, वाट मोकळी होती. गावी येताना आधी वाशीमला उतरलो.

मॅडमना मी सांगितलं की तुमच्यावर लिहिणार आहे, नावासकट. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "नाव छापू नका. छापलं की पुढचा पेशंट मला देव समजून येईल. मग त्याला 'मला माहीत नाही' कसं म्हणू मी?"

"मग काय लिहू?"

"छाती बांधू नका असं लिहा. मार लागल्यावर श्वास लागला, गळा सुजला तर लेप लावत बसू नका असं लिहा. आणि तुमचं ते जुनं पत्रक, छातीच्या डॉक्टरांसाठीचं, ते थांबवू नका. मला फोनवर फोन लावायला लागू नयेत म्हणून तरी."

हे मला बरं वाटलं. उपकार झाले म्हणून मी गप्प बसेन असं गावात काहींना वाटत होतं. एकानं विचारलंही, "आता दवाखान्याच्या विरोधात कशी लिहिशील?" मी दवाखान्याच्या विरोधात कधी लिहिलंच नव्हतं. मी रिकाम्या जागेच्या विरोधात लिहिते. ज्या खुर्चीवर माणूस होता तिथं माझा भाऊ वाचला. प्रत्येक खुर्चीवर माणूस मागणं हाच माझा आभार मानण्याचा प्रकार आहे, दुसरा मला येत नाही.

मॅडमनी दादाला स्टुलावर बसवलं, सदरा वर केला आणि पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. मग कानातल्या नळ्या काढून आईपुढे धरल्या. आईला कळेना. मॅडमनी स्वतःच तिच्या पदराखालून त्या कानात बसवल्या आणि दादाला म्हणाल्या, "घ्या श्वास. मोठा."

"काय आयकू येते?" मामानं विचारलं.

"गप बस नं," आई म्हणाली.

बाहेर रांग होती, दारातून दोघंतिघं डोकावत होते. दादा श्वास घेत होता, सोडत होता. मॅडमनी घाई केली नाही.